सील बदलण्याआधी ते का गेलं हे शोधा: ट्रॅक्टरच्या स्टेअरिंग सिलिंडरची घरची दुरुस्ती

(या भागाचं हे लेखी रूप. वाचायला सोपं जावं म्हणून मधे छोटी शीर्षकं टाकली आहेत, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.)



कोणी एसटीत बसून ऐकत असेल, कोणी गोठ्यात मोबाईल खिशात टाकून ऐकत असेल. आणि कोणी ट्रॅक्टर चालवता चालवता ऐकत असेल, तर भाऊ, आधी ट्रॅक्टर बाजूला घे. कारण आज विषय त्याच्याच स्टेअरिंगचा आहे.

समजा, तुम्ही श्रीरामपूर तालुक्यात आहात. प्रवरेच्या कालव्याचं पाणी, काळी जमीन आणि चहूकडे ऊस. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं आणि त्या पाण्यावर हा सगळा पट्टा उभा राहिला. आधी हरेगावची बेलापूर कंपनी, मग 1950 साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना, आपल्या तालुक्यात अशोकनगरचा कारखाना. म्हणजे दिवाळीच्या आसपास गळीत सुरू झालं की ट्रॅक्टरला उसंत नसते. मागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे कारखान्याची रांग. आणि अशा वेळी सकाळी बघावं तर पुढच्या एक्सलखाली तेलाचा डाग. स्टेअरिंग फिरवलं की दांड्यावरून तेल ओघळतंय.

मग काय होतं? "गळतंय थोडंसं, रोज तेल टाकू," असं म्हणून आपण पुढे ढकलतो. नाहीतर मिस्त्रीकडे जाऊन सील टाकून आणतो, आणि महिनाभरात पुन्हा तोच डाग. आज मला हेच सांगायचंय की सील आपोआप जात नाही, त्याला कोणीतरी मारतं. ते कोण, हे सापडलं नाही तर शंभर सील टाकली तरी गळती थांबणार नाही. आणि सापडलं, तर ही दुरुस्ती घरच्या ओट्यावर होण्यासारखी आहे.

गळती एवढी गंभीर का घ्यायची?

जुन्या ट्रॅक्टरला स्टेअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी जोडणी असायची. दांडा, गिअरबॉक्स, लिंक. जड चालायचं, पण जोडलेलं असायचं. आताच्या बहुतेक पॉवर स्टेअरिंग ट्रॅक्टरला स्टेअरिंग आणि चाक यांच्यात फक्त तेल असतं. तुम्ही स्टेअरिंग फिरवता, त्याखालचं युनिट, ज्याला गॅरेजमध्ये ऑर्बिट्रोल म्हणतात, ते मोजून तेवढं तेल सिलिंडरच्या एका बाजूला ढकलतं. सिलिंडरमधला पिस्टन सरकतो, रॉड सरकतो, चाक वळतं. दुसऱ्या बाजूचं तेल टाकीत परत येतं.

इंजिन बंद पडलं तरी हातानं जोर लावून स्टेअरिंग थोडंफार फिरतं, कारण ते युनिट हातपंपासारखं काम करतं. पण कधी? आत तेल असेल तर. तेलच गेलं तर हातात नुसतं गोल चाक राहतं. नगर-मनमाड रस्त्यावर मागे भरलेल्या ट्रॉल्या आणि समोरून बस, हे चित्र डोळ्यासमोर आणा. म्हणून "थोडंसं गळतंय" हे वाक्य ब्रेकबद्दल जसं बोलत नाही, तसं स्टेअरिंगबद्दलही बोलायचं नाही.

आत नेमकं काय असतं?

फार नाही. एक नळी, म्हणजे बॅरल. त्यात पिस्टन. पिस्टनला जोडलेला चकचकीत रॉड, त्यावर हार्ड क्रोमचा मुलामा. आणि जिथून रॉड बाहेर येतो तिथे झाकण, त्याला ग्लँड म्हणतात. ग्लँडमध्ये दोन महत्त्वाची माणसं बसलेली असतात. आतलं रॉड सील, जे तेलाला बाहेर येऊ देत नाही. आणि बाहेरचं वायपर सील, जे मातीला आत जाऊ देत नाही. पिस्टनवर आणखी एक सील असतं, ते एका बाजूचं तेल दुसरीकडे जाऊ देत नाही. बाकी ओ-रिंगा आणि गाईड रिंग.

सील काम कसं करतं? सायकलचा हवा भरायचा पंप उघडून बघितलाय? त्यात चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. तो उलटा बसवला तर कितीही पंप मारा, हवा भरत नाही. गावातल्या हापशातही अशाच वाट्या असायच्या. ही युक्ती जुनी आहे. 1795 साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामानं हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेनं पाणी निसटायचं. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेनं चामड्याची वाटी बसवून ते थांबवलं, असं मानलं जातं. दाब वाढला की वाटीचे काठ फाकतात आणि भिंतीला जास्तच घट्ट चिकटतात. आज चामड्याच्या जागी रबर किंवा पॉलियुरेथेन आलंय, तत्त्व तेच. म्हणून एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेवा: सीलचा ओठ, म्हणजे फाकणारी बाजू, नेहमी तेलाच्या दाबाकडे.

दाब किती असतो त्याचा अंदाज देतो. समजा पिस्टन 50 मिलिमीटरचा आणि रॉड 25 चा. 100 बार दाबाला पिस्टनच्या पूर्ण बाजूनं सुमारे दोन टन जोर लागतो. रॉडच्या बाजूनं दीड टन, कारण तिथली काही जागा रॉडनं खाल्लेली असते. यातूनच एक नेहमीची शंका सुटते. काही ट्रॅक्टरला सिलिंडरच्या एकाच बाजूनं रॉड असतो. तिथे डावीकडे आणि उजवीकडे स्टेअरिंगचे फेरे थोडे कमी-जास्त लागतात. तो बिघाड नाही. दोन्ही बाजूंनी सारखा रॉड असेल, जसं बऱ्याच फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला असतं, तिथे फेरे जवळपास सारखे यायला हवेत.

पाना हातात घेण्याआधी

आता महत्त्वाचा भाग. स्टेअरिंग नीट चालत नाही म्हणजे सिलिंडरच गेला, असं नसतं. क्रमानं बघा.

पहिलं, टाकीतलं तेल. पातळी कमी असेल तर हवा शिरते आणि स्टेअरिंग झटके देतं.

दुसरं, ढिलेपणा. एकानं स्टेअरिंग थोडं डावी-उजवी हलवायचं, दुसऱ्यानं लांबूनच टाय रॉडचे बॉल जॉइंट आणि किंगपिन बघायचे. पुष्कळदा खेळ तिथे असतो आणि दोष सिलिंडरला मिळतो.

तिसरं, बाहेरची गळती. सगळं धुऊन, पुसून कोरडं करा, दहा मिनिटं चालवा आणि मग बघा. रॉडवरून येतंय की होजच्या नटातून? नट ढिला असेल किंवा होज चिरलेला असेल तर सिलिंडर उघडायची गरजच नाही.

इथे एक गोष्ट कान देऊन ऐका. इंजिन चालू असताना गळती बोटानं शोधायची नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून दाबाचं तेल कातडीत घुसतं. वर फक्त एक ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण आत तेल पसरतं, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात काढायची वेळ येऊ शकते. असं झालं तर हळद लावून बसू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि स्पष्ट सांगा की दाबाचं हायड्रॉलिक तेल आत शिरलंय. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा, तोही लांबून धरून.

चौथं, आतली गळती. बाहेर थेंब नाही, पण चाकं शेवटाला टेकली तरी स्टेअरिंग हळूहळू फिरतच राहतं. किंवा सरळ रस्त्यावर सारखं एका बाजूला सावरावं लागतं. मग दोष पिस्टनच्या सीलमध्ये आहे किंवा ऑर्बिट्रोलमध्ये. ओळखायचं कसं? चाकं एका शेवटाला नेऊन इंजिन बंद करा, दाब सोडा. ज्या बाजूचं तेल रिकामं झालंय त्या बाजूचा होज सिलिंडरवरून काढा. होजच्या तोंडाला योग्य मापाचा लोखंडी प्लग घट्ट बसवा. चिंधी कोंबून चालणार नाही. सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवा, माणसं बाजूला करा. इंजिन अगदी मंद ठेवून स्टेअरिंग त्याच बाजूला दोन-तीन सेकंद दाबा. उलट्या बाजूला चुकूनही नाही, कारण मग त्या प्लगवर दाब येतो. उघड्या तोंडातून तेलाची धार चालूच राहिली तर पिस्टनचं सील गेलंय. धार नाही आणि तरी स्टेअरिंग फिरतंय, तर मामला ऑर्बिट्रोलचा.

आणि ऑर्बिट्रोल घरी उघडायचा नाही. त्यातले भाग फार बारीक मापाचे असतात आणि एकमेकांशी ठरावीक खुणेवर जुळवावे लागतात. पंप आणि रिलीफ व्हॉल्व्हही तसेच. दाबाचं मीटर नसताना रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळणं म्हणजे प्रेशर कुकरच्या शिट्टीवर दगड ठेवणं.

सिलिंडर काढताना

सपाट, टणक जागा घ्या. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, चावी खिशात. पुढचा एक्सल जॅकनं उचला आणि खाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरायचं नाही. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन-चार वेळा डावी-उजवी फिरवा, म्हणजे अडकलेला दाब जातो.

मग धुवा. अगदी मन लावून धुवा. ही दुरुस्ती निम्मी पान्याची आणि निम्मी फडक्याची आहे. होज काढायच्या आधी दोन्हींवर खूण करा आणि मोबाईलनं चारही बाजूंनी फोटो काढा. काढलेल्या होजची आणि सिलिंडरची तोंडं लगेच बंद करा.

टाय रॉड काढताना त्याची लांबी बदलू देऊ नका. चेकनटच्या जागी रंगानं खूण करा, आटे मोजून लिहून ठेवा. नाहीतर दुरुस्ती फुकट झाली आणि पुढचे टायर एका हंगामात घासले, असं व्हायचं.

उघडल्यावर काय बघायचं?

ग्लँड कुठे सर्क्लिपनं, कुठे तारेच्या रिंगनं, तर कुठे आट्यांनी बसवलेला असतो. पान बघा, पार्ट बुकात चित्र असतं. पिस्टन हातानं ओढून काढा. कॉम्प्रेसरची हवा मारून पिस्टन उडवायचा नाही, तो गोळीसारखा बाहेर येतो.

आता खरी चौकशी. सील का गेलं?

रॉड डिझेलनं पुसा आणि त्यावरून नख फिरवा. नख अडकलं की गुन्हेगार सापडला. आपल्या भागात हे घडतं कसं? काळी चिकण माती आणि पाचटाचा चुरा रॉडवर बसतो आणि उन्हात वाळून पापुद्रा होतो. सकाळी स्टेअरिंग फिरवलं की तोच पापुद्रा वायपर सीलखाली घासत जातो. आधी वायपर फाटतो, मग माती आत, मग रॉड सील. दुसरं कारण गंज. क्रोमवर दगड लागून टवका उडाला की तिथे ओल बसते आणि बारीक खड्डे पडतात. प्रत्येक फेरीला तो खड्डा सीलचा ओठ किसणीसारखा किसतो. अशा रॉडवर नवं सील टाकलं तर तेही थोड्याच दिवसांचं पाहुणं.

अगदी बारीक ओरखडा असेल तर फार बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून हलक्या हातानं कडा मोडता येतात. खोल खड्डे असतील, क्रोम सुटलेला असेल, तर रॉड बदला किंवा हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करणाऱ्या कारखान्याकडे द्या. वेल्डिंगचा थेंब टाकून घासणं हा उपाय नाही. रॉड सपाट काचेवर लोळवून बघा, डुगडुगला तर वाकलाय. वाकलेला रॉड सीलला एकाच बाजूनं खातो. सील एका बाजूनंच झिजलेलं दिसलं तर रॉड आणि गाईड रिंग दोन्ही तपासा. तो रॉड ठोकून सरळ करून परत बसवू नका. बॅरलमध्ये टॉर्च मारा. उभे खोल ओरखडे असतील तर पिस्टनचं सील टिकणार नाही.

सील फुगून मऊ झालंय? मग तेल चुकीचं पडलंय. कडक होऊन तडे गेलेत? मग उष्णता. स्टेअरिंग शेवटाला नेऊन तसंच धरून ठेवायची सवय असेल, तर तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून फिरत राहतं आणि तापतं. तो चीं आवाज येतो ना, तो त्याचाच.

नवं सील बसवताना

किट घेताना ट्रॅक्टरचं मॉडेल आणि सिलिंडरवरचा नंबर सांगा, जुनी सील सोबत न्या. फुगलेल्या किंवा झिजलेल्या सीलवरून माप घेऊ नका. माप व्हर्नियरनं रॉडचं आणि खाचेचं घ्या. आख्खं किट बदला. एकच सील बदलून बाकीची जुनी ठेवली तर पुन्हा उघडायची वेळ येते.

सील कोमट तेलात थोडा वेळ ठेवा, लवचिक होतं. बोटांनी बदामासारखा आकार देऊन खाचेत सोडा. स्क्रू ड्रायव्हरनं ढोसायचं नाही. बांबूची गुळगुळीत केलेली काडी किंवा प्लास्टिकचा तुकडा चालतो. रॉड सीलचा ओठ आत, तेलाकडे. वायपरचा ओठ बाहेर, मातीकडे. रॉडच्या टोकाला आटे असतील तर त्यावर टेप गुंडाळा. कितीतरी नवी सील बसवतानाच त्या आट्यांवर कापली जातात आणि दुकानदाराला शिव्या बसतात. सगळं त्याच तेलानं ओलं करून मगच सरकवा. पिस्टनचा नट आणि टाय रॉडचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं आवळा, स्प्लिट पिन नवी टाका.

तेल कुठलं? ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. काही ट्रॅक्टरला स्टेअरिंगची टाकी वेगळी असते, काहींना गिअरबॉक्सचंच तेल फिरतं. घरात डबा उरलाय म्हणून तोच ओतला, असं नको.

मग हवा काढा. पुढची चाकं उचललेलीच ठेवा, इंजिन मंद. स्टेअरिंग सावकाश एका शेवटापासून दुसऱ्या शेवटापर्यंत, आठ-दहा वेळा. शेवटाला थांबवून ठेवू नका. मधेमधे तेलाची पातळी बघा. फेस गेला, झटके गेले, की झालं. चाकं खाली टेकवा, टो-इन मोजा. दोन्ही चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून, हबच्या उंचीवर. फरक मॅन्युअलप्रमाणे हवा. पहिल्या दिवशी ट्रॉली जोडू नका. शेतात चालवा, पुन्हा पुसा, पुन्हा बघा.

हे शिकायचा हक्क

आता तुम्ही म्हणाल, पार्ट बुक कोण देतं आम्हाला? मागा. अमेरिकेत शेतकऱ्यांनी यासाठी मोठी लढाई दिली. जॉन डिअर कंपनीनं जानेवारी 2023 मध्ये तिथल्या फार्म ब्युरो या शेतकरी संघटनेशी दुरुस्तीबाबत करार केला, आणि त्याच वर्षी कोलोरॅडो राज्यानं शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. त्यात मोबाईल, गाड्या, घरगुती उपकरणं यांच्यासोबत शेतीयंत्रंही आहेत. त्यासाठीचं पोर्टलही त्याच डिसेंबरात सुरू झालं. म्हणजे मॅन्युअल मागणं हा आगाऊपणा नाही. फक्त ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर आधी अटी वाचा, स्वतः उघडल्यावर वॉरंटी जाऊ शकते.

यात मिस्त्रीचा अपमानही नाही. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा ट्रेड आहे, ते शिकलेलं ज्ञान आहे. तुम्ही घरी निदान करून गेलात, की "पिस्टनचं सील आहे, रॉडला या जागी खड्डे आहेत," तर त्याचाही वेळ वाचतो आणि तुमचेही पैसे. सील किट शेकड्यांत येतं, आख्खा सिलिंडर हजारांत. मधलं अंतर हे निदानाचं आहे.

जाता जाता रोजचं एक काम. संध्याकाळी ट्रॅक्टर लावताना उघडा राहिलेला रॉड फडक्यानं पुसा. एका मिनिटाचं काम आहे. प्रेशर वॉशरची धार सीलच्या तोंडावर सरळ मारू नका, माती निघण्याऐवजी आत जाते. आणि गळीत सुरू व्हायच्या आधी, पावसाळा संपता संपता, रॉडवरून एकदा नख फिरवून बघा. रांगेत उभं राहून कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

तुमच्याकडे ट्रॅक्टर कुठला आहे, आणि गळती कुठून होती, ते आम्हाला व्हॉइस मेसेज करून कळवा. फोटो पाठवणार असाल तर रॉड पुसून मग काढा, नाहीतर आम्हालाही मातीच दिसते!

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, सावकाश चालवा. राम राम.